मधली खोली

ऑफिसात तिला सगळे ‘मधल्या बाई’ म्हणत आणि घरात ‘मधली’. या दोन नावांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, पण ऐकणाऱ्याला तो असल्यासारखा वाटायचा, आणि तिनेही कधी कुणाचा गैरसमज दूर करायची तसदी घेतली नाही. घरात ती मधली, कारण तीन बहिणींत दुसरी. ऑफिसात मधल्या बाई, कारण बोटीच्या सहलीचं बुकिंग करायला जो कोणी समोर येऊन बसेल त्याला ती नाव विचारायच्याही आधी ऐकवायची, “मधला मजला घ्या. मधल्या मजल्यावर मधली खोली घ्या. मग बोट हलली काय न् डुलली काय, तुम्हाला सुखाने झोप.”

ऑफिस एका अरुंद रस्त्यावर होतं. खाली चष्म्यांचं दुकान, वर हे. जिना असा उभा की सहलीला निघालेली वयस्कर माणसं वर येईपर्यंतच अर्धी सहल झाल्यासारखी दमायची. ती त्यांना पाणी द्यायची, धाप ओसरू द्यायची, आणि मग उलटतपासणी सुरू. झोप सावध आहे का? गुडघे काय म्हणतात? बोट लागते का? बरोबर कोण आहे? आणि त्यांच्याशी पटतं का? हा शेवटचा प्रश्न ऐकला की नवरा-बायको एकमेकांकडे बघायचे, आणि खोली मोठी लागणार की नाही ते तिला तिथल्या तिथे कळायचं.

तिचा खरा हातखंडा म्हणजे बोटींची डागडुजी. मोठी प्रवासी बोट दर काही वर्षांनी गोदीत जाते. गोदीतलं पाणी उपसून टाकतात, बोट उघडी पडते, मग तिचं पोट खरवडतात, रंगवतात, आणि हातासरशी आतलंही बदलून घेतात. गालिचे, गाद्या, पडदे, कधी कधी भिंतीसकट खोल्या. बाहेर आली की कंपनी गुळगुळीत कागदावर जाहिरात छापते, ‘आता नव्या रूपात’. तो कागद हातात घेऊन गिऱ्हाईक जिना चढून यायचं.

“बाई, ती बोट नवी झालीय म्हणे.”

“झालेली नाही, केलेली आहे,” ती म्हणायची. “काय केलंय ते विचारलंत का? नुसते पडदे बदलले तरी हे लोक नवं म्हणतात. आपण दाढी करून आलो की नवे होतो का?”

आणि गिऱ्हाईक हसत असतानाच ती त्याला कामाचं सांगून टाकायची. गोदीतून निघाल्यावरची पहिली फेरी घेऊ नका. स्वस्तात देतील, भुलू नका. कारागीर अजून बोटीवरच असतात, कानाशी ड्रिल चालू, रंग ओला, गरम नळाला गार पाणी. दोन-तीन फेऱ्या जाऊ द्या, दुसऱ्यांना तक्रारी करू द्या, मग आपण जायचं. जाहिरातीतला फोटो कामाच्या आधीचा की नंतरचा ते तोंडावर विचारा. ‘कुठलीही खोली चालेल’ असं लिहून दिलंत तर जी कुणालाच नको ती तुमच्या गळ्यात पडेल. बंदरावर आदल्या दिवशीच पोचा, आणि तिथवरचं तिकीट रद्द करता येईल असं काढा, कारण गोदीचं काम लांबलं की फेरीच्या तारखा सरकतात आणि कंपनी काखा वर करते. दोन खोल्यांच्या मधे दार असेल तर पलीकडे आपलंच माणूस हवं. त्या दारातून खोकलासुद्धा ऐकू येतो, परक्याचा खोकला कशाला ऐकायचा? आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवा नकाशा मागून घ्या. गोदीतून आलेल्या बोटीचा जुना नकाशा घरातल्या रद्दीत घाला. आपल्या खोलीच्या वर काय, खाली काय, शेजारी काय, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

एवढं सांगणारी मधली स्वतः कधी बोटीत बसली नव्हती. तिचं सगळं ज्ञान परत आलेल्या गिऱ्हाइकांकडून उकळलेलं. सहलीहून आलेला माणूस सहज ‘बरं झालं हो’ म्हणायला आला तरी ती त्याला खुर्चीत बसवून पिळून काढायची. वर पाय वाजत होते का, पहाटे वरच्या पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्या कुणी ओढत होतं का, खालच्या नाचघरातला ढोल गादीतून पाठीला लागत होता का. एका बोटीवर तर तिचा विशेष जीव. नोकरीला लागली त्या वर्षापासून ती त्या बोटीची तिकिटं काढत होती. त्या बोटीचा नकाशा तिच्या टेबलाच्या काचेखाली होता, आवाजाच्या खोल्या लाल पेन्सिलीने रंगवलेला, आणि तो बघायची गरज तिला कधीच उरली नव्हती. मालक म्हणायचे, या बाईंना झोपेत विचारा, जिना कुठे नि चादरींची खोली कुठे ते सांगतील.

आता घरातलं.

थोरलीला दोघी ताई म्हणत. ताई म्हणजे कडक. कपाट उघडं दिसलं तर बंद करणार आणि माणूस गप्प दिसलं तर बोलतं करणार, दोन्ही सारख्याच जोराने. धाकटी हळवी आणि तापट, म्हणजे रडायला आणि भांडायला तिला एकच कारण पुरायचं. या दोघींच्या मधे वाढलेल्या मुलीला जे येतं ते मधलीला आलं. एकीचं बोलणं दुसरीकडे नेताना वाटेत त्याचे काटे काढून टाकायचे. लहानपणी ताई म्हणायची, “त्या रडूबाईला जेवायला बोलव.” मधली जाऊन सांगायची, “ताई तुझ्यासाठी थांबलीय.” घरात शांतता नांदायची, मग कुणाला काय पडलंय?

पण सवय ती सवय. आई गेली तेव्हा धाकटी लांबच्या गावी तापाने फणफणलेली होती, तिला उठून बसवत नव्हतं. आईचं शेवटचं सगळं ताईने एकटीने केलं होतं, औषधपाणी, उशाशी जागणं, सगळं. चार दिवसांनी ताई मधलीला म्हणाली, “धाकटीला फोन कर. म्हणावं, आठवड्याच्या आत ये. मी ती खोली रिकामी करणार आहे. मला त्या खोलीकडे बघवत नाही, मी थांबू शकत नाही. तिला काही बघायचं, घ्यायचं असेल तर त्याआधी यावं.”

मधलीने फोन लावला. पलीकडे धाकटी रडत होती, तापात बरळल्यासारखी बोलत होती. मधलीच्या तोंडून सवयीने आलं, “ताई म्हणते, तब्येत सांभाळ, सावकाश ये. इथली काळजी करू नकोस.”

धाकटी सावकाश आली. तोवर आईची खोली रिकामी होऊन रंगवून झाली होती. खिडक्या उघड्या, भिंती पांढऱ्याशुभ्र. मधली शेजारीच होती. धाकटी दारात उभी राहिली आणि आल्या पावली पिशवी उचलून स्टँडवर गेली. रात्री मधलीला फोनवर म्हणाली, “मी आईचा वास घ्यायला आले होते गं. मला रंगाचा वास मिळाला.” त्या दिवसापासून ती ताईशी बोलली नाही. आणि ताईने मधलीला एवढंच विचारलं, “निरोप दिला होतास ना?”

“दिला होता,” मधली म्हणाली. हे खोटं नव्हतं. कुठला, ते ताईने विचारलं नाही.

त्यानंतरची वर्षं सगळी ‘तिला म्हणावं’मध्ये गेली. धाकटीच्या मुलाच्या लग्नाआधी ताई म्हणाली, “तिला म्हणावं, मी यायचं की नाही ते तिनेच सांगावं, मला काही हौस नाही.” मधलीने धाकटीला कळवलं, “ताई म्हणते, तू बोलावलंस तर ती नक्की येईल.” धाकटी म्हणाली, “तिला म्हणावं, दार उघडं आहे, यायचं तर ये, कुणी ओढत आणणार नाही.” मधलीने ताईला सांगितलं, “धाकटी म्हणते, तुझ्यासाठी दार कायम उघडं आहे.” ताई लग्नाला आली, शेवटच्या रांगेत बसली, जेवून गेली. दोघींना वाटलं, दुसरी जरा नरमली आहे, पण पुढचं पाऊल तिनेच टाकायला हवं. असं करत दोघी जागच्या जागी, आणि मधे मधली धावतेय.

यंदा ताईने घर आवरायला काढलं. मुलाकडे कायमचं राहायला निघाली होती, दुसऱ्या टोकाच्या देशात. या वयात परत येणं होईल न होईल. मधलीने हे ऐकलं. या दोघींनी एकदा तरी एकमेकींशी बोलावं म्हणून तिचा जीव तुटत होता. आणि दोघी खरंच बोलल्या तर पहिल्याच वाक्याला तो जुना निरोप बाहेर येईल, याची तिला तितकीच भीती वाटत होती. दोघींना गमावलं तर आपल्याला माहेर म्हणून काय उरतं, हा तिचा हिशेब साधा आणि बरोबर होता.

यावर तिने काढलेला तोडगा तिच्या धंद्याला शोभणारा होता. आपल्या लाडक्या बोटीवर तिघींची सहल. मधल्या मजल्यावर, मधोमध, ओळीने तीन खोल्या. एकीकडे ताई, एकीकडे धाकटी, आणि मधल्या खोलीत आपण. जवळही यायचं, आणि मधे भिंतही आपलीच.

तिचा नवरा बस चालवून निवृत्त झालेला. तो म्हणाला, “तिघी बहिणी तुम्ही, तीन खोल्या कशाला? एकीत मावत नाही का?”

“मावतं. पटत नाही.”

“मी जन्मभर बस चालवली,” तो म्हणाला, “पण हट्टाने मधली सीट मागणारा प्रवासी नाही पाहिला.”

अडचण एकच होती. बोट गोदीत होती. ताई निघायच्या आधी बसेल अशी एकच फेरी, आणि ती गोदीतून निघाल्यावरची पहिली. मधलीने कंपनीला फोन लावला तेव्हा तिथल्या ओळखीच्या माणसाला हसू आवरेना.

“बाई, पहिली फेरी घेऊ नका म्हणून तुम्हीच आमच्या गिऱ्हाइकांना बिथरवता ना?”

“माझी गोष्ट वेगळी आहे.”

“गिऱ्हाईकही असंच म्हणतं. बरं, नवा नकाशा पाठवलाय, बघितलात का? आत बरंच काम झालंय.”

“मला नकाशा दाखवतोस?” मधली म्हणाली. “तू शाळेत होतास तेव्हापासून ती बोट मला पाठ आहे. नंबर लिहून घे.” आणि तिने डोळे मिटून तीन लागोपाठचे नंबर सांगितले. त्याने ते मशीनमध्ये घातले. तिन्ही मोकळे होते, तिन्ही मिळाले. जन्मभर दुसऱ्यांना नवा नकाशा बघायला लावणाऱ्या बाईने स्वतःच्या वेळी तो उघडूनही पाहिला नाही. आपल्या घरात शिरताना कोण पाटी वाचतं?

बंदराच्या गावी तिघी आदल्या दिवशी पोचल्या. तिथे लॉजमध्येही मधली मधल्या खाटेवर झोपली. ताईने दिवा मालवायला सांगितला तो तिच्यामार्फत, धाकटीने खिडकी उघडायला सांगितली ती तिच्यामार्फत. सकाळी धक्क्यावरून बोट पाहिली तेव्हा मात्र तिला भरून आलं. जिची खोली न् खोली आपण विकली ती एवढी उंच असेल असं तिला वाटलं नव्हतं. बोटीचा पांढरा रंग इतका ताजा की डोळे दिपत होते.

आत शिरल्यावर ती पुढे आणि दोघी मागे. “इथे उजवीकडे जिना,” ती म्हणाली, आणि उजवीकडे सोडा-सरबतांचं दुकान निघालं. “काहीतरी बदललंय जरा,” असं पुटपुटत ती मधल्या मजल्यावर पोचली. बोळातला गालिचा नवा कोरा, अजून कडेला नीट बसायचा होता. ताईची खोली सापडली. शेजारी लगेच धाकटीची खोली सापडली. मधल्या नंबराची खोली नव्हती.

मधली त्या दोन दारांच्या मधे उभी राहिली आणि तिने भिंतीला हात लावून पाहिला.

खोल्यांची देखभाल बघणारा माणूस चादरींची गाडी ढकलत आला. त्याने तिचं कार्ड पाहिलं. “ही खोली इथे नाही बाई, पार पुढे, बोटीच्या नाकाशी.”

“कशी नाही? या दोघांच्या मधे होती.”

“होती. गोदीत काढून टाकली. जागा दोन्हीकडच्या बाथरूमना वाटून दिली आणि मधे दार बसवलं. पुढे पत्त्यांची खोली होती ना, तिथे नव्या खोल्या केल्या, त्यातल्या एकीला हा नंबर दिला. नव्या नकाशात आहे की सगळं.”

“दुसरी खोली द्या,” ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला उत्तर माहीत होतं. बोट भरलेली आहे, सुटताना खोली बदलून मिळत नाही. हे वाक्य तिने स्वतः कितीतरी माणसांना ऐकवलं होतं, तेही थोड्या तिखट आवाजात.

ताईने दारातून डोकावून विचारलं, “काय झालं?” पलीकडच्या दारातून धाकटीनेही डोकं काढलं, ताईला पाहून परत आत घेतलं.

“काही नाही,” मधली म्हणाली. “माझी खोली जरा पुढे आहे.”

जरा म्हणजे चालून पाय दुखतील एवढी. नाकाशी असलेली ती खोली तिरकी होती, कारण तिथे बोटच तिरकी होत जाते. सरसाचा वास कोंडलेला. कपाटाचा खण उघडला की बंद होत नव्हता. गरम नळाला गार पाणी येत होतं, आणि गारच्या नळाला तर काहीच येत नव्हतं. भिंतीवर नवा कोरा फोन होता, कानाला लावला तर त्यात जीव नव्हता. बाहेर बोळात दोन कारागीर छताची फळी बसवत होते, ड्रिलचा आवाज थेट दाढेत. एखाद्या गिऱ्हाइकाने असं सगळं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मी आधीच बजावलं होतं.

बोट सुटली आणि उघड्या समुद्राला लागल्यावर नाकाशी असलेली खोली काय चीज असते ते तिला कळलं. पलंग वर जायचा, क्षणभर थांबायचा, आणि पोट वरच ठेवून खाली यायचा. तिला बोट लागली. अशी लागली की ती आडवी पडली ती पडलीच, उशाशी बादली, कपाळावर ओला रुमाल. ही बाई लोकांना विचारायची, बोट लागते का? लोक म्हणायचे, थोडी. थोडी म्हणजे काय ते आता तिला समजलं.

संध्याकाळी ताई भिंतीचा दांडा धरत धरत आली. “तिला म्हणावं, रेडिओ बारीक कर. ते मधलं दार कागदाचं आहे की काय, सगळं ऐकू येतं.”

“ताई, मला उभं राहवत नाही गं. तूच दारावर टकटक कर.”

“मी?” ताईने नाक मुरडलं. तिने मधलीचा रुमाल पिळून परत कपाळावर ठेवला आणि आली तशी गेली. मागाहून धाकटी सुंठ घेऊन आली, बसली, आणि म्हणाली, “तिला म्हणावं, दाणदाण पावलं वाजवत चालू नकोस.” मधलीने नुसते डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडून एकही निरोप पोचता झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीच आलं नाही. ती वाट बघत पडून राहिली. न्याहारीची वेळ गेली. तिला उपाशीपोटी मळमळत होतं आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. दोघी इतका वेळ तिच्याविना कधीच राहिल्या नव्हत्या. भांडल्या असतील का? की आपल्याला विसरल्या? यातलं जास्त वाईट कुठलं, ते तिला ठरवता येईना.

दुपारच्या जेवणाच्या सुमाराला दार वाजलं, आणि दारात दोघी उभ्या होत्या. एकदम. बोट हलली तशी धाकटीने ताईचा दंड धरला, आणि सोडला नाही. ते बघून मधलीचा आनंद डोळ्यांपर्यंत आला, तेवढ्यात तिने त्यांचे चेहरे पाहिले आणि तो तिथेच विरला.

“सावकाश ये?” ताई म्हणाली. “मी सावकाश ये म्हणाले होते?”

मधलीने उठायचा प्रयत्न केला. पलंगाने तिला परत खाली घेतलं.

काय झालं ते दोघींनी मिळून सांगितलं, म्हणजे एक वाक्य एकीने सुरू करायचं आणि दुसरीने संपवायचं. सकाळी बोळात रंगारी कामाला लागले होते. वास दोन्ही खोल्यांत भरला. धाकटी भिंतीकडे बघून मोठ्याने म्हणाली होती, “पुन्हा रंगच. माझ्या नशिबी दुसरा वास नाहीच.” दारापलीकडून ताई ओरडली होती, “निरोप धाडला होता तेव्हा आली असतीस तर रंगाआधी पोचली असतीस!” धाकटी म्हणाली, “कुठला निरोप?” ताई म्हणाली, “कुठला म्हणजे?” त्या मधल्या दाराला दोन्हीकडून कड्या होत्या. आधी ताईने आपली काढली, मग धाकटीने आपली. त्यानंतर पूर्ण सकाळभर ताईच्या पलंगावर बसून दोघींनी इतक्या वर्षांचे निरोप एकमेकींसमोर मांडले होते, आणि एकही जुळला नव्हता.

“लग्नाला बोलावलं तर नक्की येईन, असं मी म्हणेन का?” ताई म्हणाली. “मी? तुला माझा स्वभाव माहीत नाही?”

“आणि दार कायम उघडं आहे!” धाकटी म्हणाली. “मी काय सुविचार लिहिते का फळ्यावर?”

“आणि वाढदिवसाला शाल पाठवल्याचा निरोप—” ताई म्हणाली.

“तो तर पार बनावट!”

“निरोपांत शब्द घातलेस पदरचे. पोस्टमनने पाकीट फोडून आत भर घातली तर त्याला काय म्हणतात, माहीत आहे?” ताई म्हणाली.

“म्हणजे आम्ही दोघी इतकी वर्षं तुझ्याशीच बोलत होतो,” धाकटी म्हणाली.  “मी खोलीच्या दारात उभी होते गं तेव्हा. तू एक शब्द बोलली असतीस तरी पुरलं असतं.”

मधलीला लाज वाटली. नुसती नाही, तोंड लपवावं अशी. सांगण्यासारखं तिच्याकडे एवढंच होतं की तुला ताप होता आणि तू रडत होतीस, आणि ते तिने सांगितलं. दोघींनी ऐकून घेतलं, पण माफ केल्यासारखं कुणीच दिसलं नाही. ताई पलंगाच्या पायथ्याशी बसली, कारण उभं राहणं शक्यच नव्हतं. जागा तेवढीच, म्हणून धाकटी तिला खेटून बसली. दोघी मिळून मधलीकडे अशा बघत होत्या, जणू लहानपणी तिने दोघींचा मिळून खाऊ संपवला असावा. भांडण असं तिच्यावर एकवटलेलं पाहून तिला रडूही येत होतं आणि, खरं सांगायचं तर, हायसंही वाटत होतं. पण ते बोलून दाखवायची ही वेळ नाही एवढी अक्कल तिला उरली होती.

 मग हातातल्या रुमालाची घडी घालत, उलगडत धाकटीने विचारलं, “आणि माझं ऑपरेशन झालं तेव्हा? तू रोज फोन करायचीस आणि सांगायचीस, ताईने विचारलंय कशी आहेस. तेही तुझंच ना?”

“नाही,” मधली म्हणाली. “ते तिने विचारलं होतं. रोज विचारायची.”

“तुझ्यावर आता कोण विश्वास ठेवणार?”

  इतक्या गोड शब्दांच्या राशीत एक खरा शब्द होता, आणि तो खरा आहे हे शपथ घेऊन सांगितलं तरी आता कुणी मानणार नव्हतं. मधलीने ताईकडे पाहिलं. ताई चादरीची सुरकुती तळहाताने सारखी करत होती, आणि ती सारखी झाल्यावरही करत राहिली. बाहेर ड्रिल थांबलं होतं.

“विचारत होते,” ताई म्हणाली, खालीच बघत. “रोज सकाळी. ही सांगायची, बरी आहे, हसतेय, जेवली.” मग तिने मान वर केली आणि धाकटीकडे सरळ पाहिलं. “बरी होतीस का गं?”

“नव्हते,” धाकटी म्हणाली. “अजिबात बरी नव्हते, ताई.”